दाराबाहेरच्या भगिनी



भाषणाची मला सवय नाही आणि शिक्षणही सातवीपर्यंतचेच. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "लॉजच्या मेजवानीला गेला होतात, तिथे काय पाहिलेत ते सांगा." म्हणून उभी राहिले.

आमच्या यजमानांचे आतेभाऊ फ्रीमेसन आहेत. त्यांच्या लॉजने एका संध्याकाळी पाहुण्यांना सहकुटुंब बोलावले होते. मुंबईत फोर्टात 1897 साली बांधलेली त्यांची इमारत आहे. आधी आतमध्ये त्यांची सभा झाली. दार मिटलेले, बाहेर पहारा. आम्ही बायका दुसऱ्या दालनात गप्पा मारीत बसलो. सभा आटोपल्यावर आम्हांला ती खोली दाखविली. काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी, पूर्वेला अध्यक्षांची खुर्ची. गुण्या आणि कंपास ही गवंड्याची हत्यारे हे त्यांचे चिन्ह. गीता, कुराण, बायबल असे निरनिराळ्या धर्मांचे ग्रंथ शेजारी शेजारी. सभेत धर्म आणि राजकारण यांवर वाद घालायचा नाही, असा त्यांचा नियम. तो मला फार आवडला. आपल्या मंडळात निदान सुनांवर वाद नको, एवढा केला तरी पुरे!

मग जेवण. पांढऱ्याशुभ्र चादरी, काटेचमचे, आणि मधूनमधून उठून कोणाच्या तरी नावाने पेले उंचावणे. आम्हां बायकांच्या नावानेही पेले उंचावले. मान मिळाला, पण सभासदत्व मात्र नाही. शेवटी जे बंधू त्या दिवशी येऊ शकले नव्हते, त्यांच्या आठवणीने सगळे उभे राहिले. ते माझ्या मनात राहिले.

घरी आल्यावर मुलाकडून मी थोडी माहिती काढली. हिंदुस्थानातले पहिले लॉज 1730 साली कलकत्त्यास निघाले, ते इंग्रजांचे. मुंबईच्या माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना इथल्या लॉजांनी घेतले नाही. तेव्हा ते पॅरिसला जाऊन मेसन झाले. पुढे 1843 साली डॉ. जेम्स बर्न्स यांनी मुंबईत हिंदी लोकांसाठी लॉज काढले. बायकांचेही तसेच. फ्रान्समध्ये मारिया देरेम या बाईंना 1882 साली एका लॉजने आत घेतले. त्यांनी 1893 साली स्त्रीपुरुषांचे मिळून लॉज काढले, आणि 1902 साली अ‍ॅनी बेझंटबाई त्या पंथात शिरल्या. म्हणजे दार आपोआप कधीच उघडले नाही. बाहेरच्याने ठोठावले आणि आतल्या एखाद्याने कडी काढली.

भगिनींनो, यावर पुरुषांना हसणे सोपे आहे. पण आपल्या हळदीकुंकवाचे काय? माझ्या थोरल्या जाऊबाई या मंडळाच्या जुन्या सभासद. लाडू वळायला, सतरंज्या घालायला सर्वांच्या पुढे. भावोजी गेल्यापासून संक्रांतीच्या समारंभाला त्या घरीच बसतात. "येऊ नका," असे कोणी म्हणत नाही. "या," असेही कोणी म्हणत नाही. त्यांच्यासारख्या आपल्या गल्लीत आणखी चौघी-पाचजणी आहेत.

त्या दाराची कडी आपल्याच हातात आहे. यंदा प्रत्येकीच्या घरी दोघींनी जाऊन आमंत्रण द्यावे, आणि वाण, तिळगूळ व हळदकुंकू सर्वांना सारखे द्यावे, एवढी सूचना मी मांडते. जाऊबाईंना आणायला मी स्वतः जाईन.