घरी बनविलेला हेड ट्रॅकर : जोडणी व दोषशोधन

(वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थी-सत्काराच्या प्रसंगी केलेले भाषण)



सत्कारसमारंभात मुलांस चार उपदेशाचे शब्द सांगण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. मी मात्र आज एका खेळाच्या साधनाविषयी बोलणार आहे. वडीलधाऱ्या मंडळींनी कपाळास आठ्या घालू नयेत. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत माझ्या नातवाने व त्याच्या दोन मित्रांनी हे साधन घरी केले. मी शेजारी बसून प्रत्येक पायरी वहीत टिपून घेतली. त्या टिपणांतून जे हाती आले, ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम हे साधन कशासाठी, ते पाहू. संगणकावर विमान चालविण्याचे खेळ असतात. वैमानिकास डावी-उजवीकडे, वर-खाली पाहावे लागते. परंतु घरी बसलेल्या मुलाने मान वळविली तर पडदाच दृष्टीआड होतो. हेड ट्रॅकर ही अडचण दूर करतो. मान पंधरा-वीस अंश वळली की खेळातील दृश्य नव्वद अंश किंवा त्याहूनही अधिक वळते, आणि डोळे पडद्यावरच राहतात. अमेरिकेतील नॅचरलपॉइंट कंपनीचे ट्रॅकआयआर हे या जातीचे प्रसिद्ध साधन होय. त्याची किंमत हजारो रुपयांत जाते. सामान्य कुटुंबाने ती मोजावी असे मी म्हणणार नाही.

पण मूळ तत्त्व सोपे आहे. २००७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठातील जॉनी ली या विद्यार्थ्याने चष्म्याच्या दोन बाजूंस अवरक्त किरणांचे दिवे बसविले, आणि निन्टेंडोच्या वी या खेळाच्या रिमोटमधील कॅमेऱ्याने ते टिपून डोक्याची हालचाल ओळखून दाखविली. आमच्या मुलांनी याच तत्त्वावर काम केले. ओपनट्रॅक हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. ज्यांस काहीच जोडावयाचे नाही, त्यांनी साध्या वेबकॅमवर चेहरा ओळखण्याची त्यातील सोय आधी वापरून पाहावी. अंधारात खेळावयाचे असेल व चित्र अधिक स्थिर हवे असेल, तर दिव्यांची जोडणी करावी.

आता जोडणी. तीन अवरक्त एलईडी घ्यावेत. एका दिव्याने फक्त वर-खाली आणि डावे-उजवे कळते. अंतरे ठाऊक असलेल्या तीन दिव्यांवरून वळणे, कलणे, पुढे-मागे होणे अशा सहाही हालचाली काढता येतात. मात्र तिन्ही एका रेषेत असू नयेत. ते टोपीवर किंवा हेडफोनच्या कडेला घट्ट बसवावेत. प्रत्येक दिव्यास सुमारे १.४ व्होल्ट लागतात, म्हणजे एकामागून एक जोडलेल्या तिघांस ४.२. यूएसबीतून ५ व्होल्ट मिळतात, उरले ०.८. विजेचा प्रवाह २० मिलिअँपिअर ठेवावयाचा, तर ०.८ भागिले ०.०२, म्हणजे ४० ओहम. बाजारात ४७ ओहमचा रेझिस्टर मिळतो, तो लावावा. ओहमचा नियम घोकणाऱ्या मुलास त्याचा उपयोग येथे प्रत्यक्ष दिसतो. रेझिस्टर वगळून दिवे थेट जोडू नयेत, आणि हे किरण डोळ्यांस दिसत नसले तरी पेटता दिवा डोळ्यांजवळ धरून पाहू नये.

कॅमेरा जुना वेबकॅम चालतो. त्याच्या भिंगाशी अवरक्त किरण अडविणारी रंगीत छटेची लहानशी काच असते. ती हलक्या हाताने काढावी. तिच्या जागी जुन्या फ्लॉपीतील काळ्या चकतीचा तुकडा, अथवा धुतलेल्या रंगीत फिल्मचे काळे टोक लावावे. ते दिसणारा प्रकाश अडविते व अवरक्त किरण जाऊ देते. मग भिंग फिरवून चित्र पुन्हा स्पष्ट करून घ्यावे. सॉफ्टवेअरात दिव्यांमधील अंतरे मिलिमीटरमध्ये मोजून भरावीत. अंदाजाने भरू नयेत.

येथपर्यंत काम एका दिवसात झाले. खरी परीक्षा सायंकाळी लागली. खेळातील विमान स्थिर असूनही दृश्य वेड्यासारखे उड्या मारू लागले. मुलांनी एकाच वेळी दिवे हलविले, आकडे बदलले, कॅमेरा फिरविला. दृश्य काही थांबेना. शेवटी एकजण म्हणाला, "जाऊ द्या, हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे." मित्रहो, त्या रात्री ते साधन खणात पडले असते, तर त्यासोबत मुलांचा आत्मविश्वासही खणात पडला असता.

मी त्यांस एवढेच सांगितले की, एका वेळी एकच गोष्ट बदला व वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी क्रम ठरला. पहिला प्रश्न : दिवे पेटतात काय? मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिले तर ते जांभळट दिसतात. मागच्या कॅमेऱ्यात न दिसल्यास पुढच्यातून पाहावे. तिन्ही विझलेले असतील, तर बहुधा एखादा उलटा जोडलेला असतो. लांब पाय धन बाजूस हवा. दुसरा प्रश्न : कॅमेऱ्यास ठिपके किती दिसतात? तीनच हवेत. मुलांस चार दिसले! चौथा होता पश्चिमेच्या खिडकीतून आलेल्या उन्हाचा. सूर्यप्रकाशात आणि तारेच्या जुन्या बल्बच्या प्रकाशात अवरक्त किरण भरपूर असतात. पडदा ओढताच उड्या थांबल्या.

तिसरा प्रश्न : मान वळविताच ठिपका नाहीसा होतो काय? तसे असल्यास दिव्याचा झोत अरुंद आहे. त्याचे गोल टोक पॉलिश पेपरने घासून सपाट करावे, म्हणजे प्रकाश पसरतो. चौथा : दृश्य बारीक थरथरते काय? तर सॉफ्टवेअरातील फिल्टर थोडा वाढवावा. फार वाढविल्यास दृश्य मानेच्या मागे रेंगाळते. पाचवा : नुसती मान वळविली असता दृश्य पुढे-मागेही सरकते काय? तर भरलेली अंतरे पुन्हा मोजावीत. दृश्य उलट दिशेस जात असेल, तर त्या हालचालीची दिशा सॉफ्टवेअरात उलटवावी. मध्यबिंदू पुनः ठरविण्यासाठी एक कळ नेमून ठेवावी.

पाहा, यात कोठेही चमत्कार नाही. वीज, प्रकाश, मोजमाप, आणि शेवटी चित्र, या क्रमाने दोष शोधला की तो सापडतो. विकत आणलेले बंद साधन बिघडले तर दुकानाकडे बोट दाखविता येते. स्वतः केलेले बिघडले तर कारण शोधावेच लागते. हे शोधणे म्हणजेच शिक्षण, असे माझे मत आहे. शिवाय ओपनट्रॅकमधून संगणकाचा माउसही मानेने हलविता येतो. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांस या खेळण्याचा केवढा आधार होईल, याचा विचार आपल्या तरुणांनी करावा.

पालकांस माझी विनंती एवढीच : मूल खेळते म्हणून रागावण्यापूर्वी ते कशाने खेळते, हे एकदा शेजारी बसून पाहा. आणि विद्यार्थ्यांनो, "आपल्यासारख्यांचे काम नव्हे" हे वाक्य उच्चारण्यापूर्वी खिडकीचा पडदा ओढून पाहा.