प्रसूतिसेवेतील विद्यावाचस्पती : सेवेकडून ज्ञानदानाकडे

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



पर्युषण पर्वात कल्पसूत्राचे वाचन होते, तेव्हा एक प्रसंग सर्वजण भक्तिभावाने ऐकतात. आपल्या हालचालीने मातेला पीडा होऊ नये म्हणून गर्भस्थ वर्धमान निश्चल झाले. त्रिशलामाता मात्र गर्भाचे काही अशुभ झाले असे समजून व्याकूळ झाली. तिचे दुःख जाणून भगवंतांनी किंचित हालचाल केली आणि मातापिता हयात असेपर्यंत दीक्षा न घेण्याचा संकल्प केला. आज उपकेंद्रातील परिचारिका गर्भवतीला जे प्रश्न विचारते, त्यांत एक असतो, ‘बाळ फिरते ना?’ हालचाल मंदावणे ही आजही धोक्याची खूण मानली जाते. मातेची काळजी हा विषय धर्माला परका नाही, याची साक्ष याहून निराळी काय हवी?

व्यवहारात मात्र बाळंतिणीच्या खोलीतील कामाला फारशी प्रतिष्ठा लाभली नाही. सुईण गरजेपुरती आठवली आणि सुतक फिटताच विसरली गेली. व्यापारी घरातील मुलगी डॉक्टर किंवा सी.ए. होणार म्हटले की पेढे वाटले जातात. नर्सिंगला जाणार म्हटले की घर गप्प होते. तिने त्यातच पीएच.डी. करण्याचा विचार बोलून दाखविला, तर ‘नर्सला पीएच.डी. कशाला?’ हा प्रश्न ठरलेला. प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही सरळ दिले पाहिजे.

प्रथम इतिहासाकडे पाहू या. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचे बाळ अवघ्या दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्यांनी वैद्यक शिकण्याचा निश्चय केला. १८८६ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम.डी. झाल्या, आणि प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे निधन झाले. मराठी स्त्रीच्या उच्च विद्येचा आरंभच बाळंतिणीच्या प्रश्नापाशी झाला, हे विसरता येत नाही.

परिचारिकांच्या वाट्याला ही विद्या फार उशिरा आली. भारतात नर्सिंगची पदवी १९४६ साली दिल्ली आणि वेल्लोर येथे सुरू झाली, पदव्युत्तर शिक्षण १९५९ मध्ये दिल्लीत आले, पीएच.डी.चे दार तर १९९० नंतर उघडले. महाराष्ट्रात नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आज ही पदवी देते. वाट सोपी नाही. बारावीनंतर चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग, मग किमान एक वर्षाचा अनुभव, प्रसूती व स्त्रीरोग परिचर्या हा विषय घेऊन दोन वर्षांचे एम.एस्सी., त्यानंतर प्रवेश परीक्षा, मार्गदर्शक, नैतिक समितीची मान्यता आणि किमान तीन वर्षांचे संशोधन. एकूण दहा वर्षांची ही साधना आहे. पदवीने हात अधिक कुशल होतात असे नाही. हात प्रसूतिकक्षातच घडतात. पदवी शिकविते ते प्रश्न नेमका मांडायला, मोजायला आणि निष्कर्ष जगासमोर पुराव्यानिशी ठेवायला.

याचे मोल काय, हे शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याने साऱ्या जगाला दाखविले आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये तेथे ‘सर्च’ संस्थेचे कार्य आरंभिले. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन गावांतील ६५० स्त्रियांचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि पूर्वी तपासणी झालेल्या होत्या केवळ ८ टक्के. हे दुखणे गावाला ठाऊक नव्हते काय? घराघरांत ठाऊक होते. पण कोणी मोजले नव्हते. पुढे गावातील स्त्रियांनाच नवजात बालकाच्या घरपोच सेवेचे प्रशिक्षण देण्यात आले. ३९ गावांतील या प्रयोगात नवजात मृत्यूचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धती देशभर स्वीकारली गेली. नोंद झाली, म्हणून गावाचे शहाणपण देशाचे धोरण झाले.

अमेरिकेतील केंटकीच्या डोंगराळ भागात मेरी ब्रेकिनरिज यांनी १९२५ मध्ये अशीच सेवा उभारली. तेथील परिचारिका घोड्यावरून बाळंतपणाला जात आणि परतल्यावर प्रत्येक प्रसूतीची नोंद ठेवीत. त्या काटेकोर नोंदींमुळेच त्यांचे काम जगाला पटले.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात असे न मोजलेले प्रश्न अजून पुष्कळ आहेत. सिकलसेलग्रस्त मातेची गर्भारपणातील निगा कशी असावी? दूरच्या गावातील गर्भवतीने प्रसूतीपूर्वी आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावे म्हणून ‘माहेरघर’ योजना आहे; तरीही काही स्त्रिया का येत नाहीत? पावसाळ्यात नाल्याला पूर असताना किंवा वाघाच्या भीतीने रस्ता बंद असताना रात्री कळा सुरू झाल्या, तर प्रथम काय करावे? याची उत्तरे मुंबई-पुण्याच्या प्रश्नावलीत मिळत नाहीत. येथील बाई आपले दुखणे झाडीबोलीत किंवा गोंडीत सांगते. पोंभुर्ण्याच्या आठवडी बाजारात, वडिलांच्या गल्ल्याशेजारी बसून वाढलेल्या मुलीला निदान तिची झाडीबोली तरी कळते. संशोधनाला लागणारे हे मोठे भांडवल तिच्यापाशी आधीच आहे.

काळही अनुकूल आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये प्रसविका सेवेचे मार्गदर्शक धोरण जाहीर केले आणि अनुभवी परिचारिकांसाठी अठरा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण आखले. २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा झाला. या नव्या अभ्यासक्रमांना शिकविणाऱ्या अध्यापिका हव्यात, आणि त्या आकाशातून येणार नाहीत.

अडचणी मात्र झाकून ठेवू नयेत. वसतिगृहात कंदमूळवर्ज्य आहार मिळत नाही. रात्रपाळीच्या मुलीला सूर्यास्तापूर्वी जेवण उरकावे लागते. संशोधनाची वर्षे नेमकी लग्नाच्या वयात येतात. पगाराची नोकरी सोडून गावोगाव फिरताना प्रवासखर्चही अंगावर पडतो. या अडचणींपायी घरातून ‘पुरे झाले शिक्षण’ असा शब्द आला की दहा वर्षांची वाट सातव्या वर्षीच संपते.

येथेच ट्रस्टचे कर्तव्य सुरू होते. आहार, औषध, अभय आणि ज्ञान ही चतुर्विध दाने समाजाने परंपरेने जपली. प्रसूतिसेवेत ही चारही एकवटतात : मातेला पोषण, व्याधीवर उपचार, भयभीत जिवाला धीर आणि पुढच्या पिढीला विद्या. सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने एक लहान ठराव करावा. नर्सिंगचे उच्च शिक्षण घेणाऱ्या एका कन्येची संशोधनाची शेवटची तीन वर्षे, केवळ शुल्कच नव्हे तर गावभेटींचा खर्चही, ट्रस्टने उचलावा. ती कन्या कोणत्याही समाजाची असो, अट एकच असावी : तिचा अभ्यास याच वनप्रदेशातील मातांविषयी असावा आणि निष्कर्ष तिने येथील आरोग्यसेविकांना मराठीत समजावून सांगावेत.

मंदिराच्या शिखरावर कळस चढविताना समाज एकत्र येतो. ज्या घरातील मुलगी उद्या नर्सिंगचा अर्ज भरील, त्या घरीही समाजाने असेच एकत्र जावे, पेढे घेऊन जावे आणि तिच्या मातापित्यांचे अभिनंदन करावे. जय जिनेंद्र.