जुन्या मोटारीचे मंद दिवे

नाशिक शहराला तांब्यापितळेच्या भांड्यांची जुनी ख्याति आहे. तेथील भांडीबाजारांतून घरोघर गेलेल्या घागरी, तपेलीं आणि समया यांची निगा राखणाऱ्या गृहिणींना कळंक म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नाहीं. ओल लागली कीं तांब्याच्या अंगावर हिरवट थर चढतो. भांड्यावरचा थर डोळ्यांना दिसतो, म्हणून चिंच लावून तो घासून काढतां येतो. तसाच थर जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डामागें, जेथें दृष्टि पोंचत नाहीं अशा जागीं, तारांच्या सांध्यांवर चढतो. तेव्हां त्याची वर्दी एवढीच मिळते कीं, रात्रीं वेगमापकाची तबकडी अंधुक दिसूं लागते.

जुन्या गाड्या हौसेनें सांभाळणारीं घरें या भागांत आजही आहेत. कोणाकडे जीप असते. महिंद्र कंपनीनें मुंबईस माझगांवांत जीपगाड्यांची जुळणी सुरू केली आणि पुढें नाशिकच्या सातपूर भागांतही तिचा कारखाना उभा राहिला. कोणाकडे फियाट असते. शेठ वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांतून १९६४ सालापासून ही गाडी निघूं लागली व पुढें पद्मिनी या नांवानें सर्वतोमुखीं झाली. कोणाकडे उत्तरपाड्याची अँबॅसडर असते. तिचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. या तिन्ही गाड्यांचीं घराणीं वेगळीं, परंतु त्यांच्या दिव्यांचें दुखणें बहुधा एकच असतें.

हें दुखणें क्षुल्लक नव्हे. पावसाळ्याच्या रात्रीं मुंबईहून नाशिककडे येणारी गाडी कसाऱ्याचा घाट चढत असते, समोर धुकें असतें, आणि इंजिनावर भार असतो. इंजिन तापलें आहे काय, तेलाचा दाब टिकून आहे काय, बॅटरी भरते आहे काय, हें सांगणारे डोळे काय ते त्या फळीवरच असतात. तेच मिटले तर चालकानें कोणाच्या भरंवशावर चालावें?

घरांतील दिव्याला दोन तारा लागतात. एकींतून वीज येते, दुसरींतून परत जाते. मोटारींत बहुतेक ठिकाणीं एकच तार असते. परतीची वाट म्हणजे गाडीचें लोखंडी अंग. बॅटरीचें एक टोक त्या अंगास जोडलेलें असतें. यालाच मेकॅनिक ‘अर्थ’ म्हणतात. बल्बाचा होल्डर तबकडीच्या धातूच्या डब्यांत बसतो, डबा फळीला लागतो, फळी स्क्रूंनीं गाडीच्या अंगाला लागते. या वाटेवर कोठें गंज चढला, कोठें नवा रंग देतांना स्क्रूखालीं रंग गेला, कोठें कळंक धरला, कीं वीज जाते खरी, पण ठेचाळत जाते. लोक मात्र येणाऱ्या तारेकडे आणि बल्बाकडेच पाहतात. परतीची वाट कोणाच्या ध्यानींमनींही नसते.

या ठेचाळण्याचा हिशेब मांडतां येतो. कोलोन येथील शाळेंत अनेक वर्षें गणित व पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या गेऑर्ग ओम यांनीं १८२७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केलेला नियम शाळेंतील मुलांसही पाठ असतो. प्रवाहाला विरोधानें गुणावें म्हणजे विजेचा किती दाब खर्ची पडला तें कळतें. १२ व्होल्टच्या गाडींत ३ वॅटचे चार बल्ब मिळून एक अँपिअर प्रवाह घेतात. त्यांच्या सामायिक सांध्यांत अर्धा ओम विरोध असेल, तर अर्धा व्होल्ट तेथेंच गेला. ही घट सुमारें ४ टक्के. आरंभींच्या जीपगाड्या ६ व्होल्टच्या होत्या. तेथें तेवढ्याच वॅटच्या दिव्यांना दुप्पट प्रवाह लागतो, म्हणून एक व्होल्ट जातो, आणि तो सहापैकीं एक असल्यामुळें घट सुमारें १७ टक्के होते. गंज तेवढाच, पण हानि चौपट. शिवाय तापलेल्या तारेचा प्रकाश दाबाहून कितीतरी वेगानें उतरतो. दाब १० टक्के घटला तर प्रकाश सुमारें ३० टक्के घटतो. १७ टक्के घटला तर जवळजवळ निम्मा जातो. बल्ब नवा घातला तरी उजेड पडत नाहीं, याचें मर्म येथें आहे.

तेव्हां परीक्षा अशी करावी. एकच दिवा मंद असेल तर दोष त्याच्या बल्बांत किंवा होल्डरांत शोधावा. बल्बाची कांच आंतून काळवंडली असेल तर तो बदलावा. सर्वच दिवे मंद असतील तर दोष सामायिक वाटेंत आहे. खड्ड्यागणिक दिवे मिचकावत असतील तर कोणता तरी सांधा सैल आहे. नंतर हातभर लांब वायरीला आणखी वायर जोडून ती बॅटरीपासून फळीपर्यंत पोंचेल अशी करावी. बॅटरीचें जें टोक गाडीच्या अंगास जोडलेलें असेल, त्याच टोकाला तिचें एक टोक घट्ट बांधावें. बहुतेक गाड्यांत हें ऋण टोक असतें, कांहीं जुन्या इंग्रजी गाड्यांत धन टोक असतें. दिवे लावून वायरीचें दुसरें टोक तबकडीच्या धातूच्या डब्यास टेंकवावें. उजेड एकदम वाढला तर चोर परतीच्या वाटेवर सांपडला. वाढला नाहीं तर स्विच, फ्यूजच्या पकडी आणि प्रकाश कमीजास्त करण्याची खुंटी तपासावी. ही खुंटी पुष्कळ दिवस एकाच जागीं राहिल्यानें आंतून गंजते. दहावीस वेळां फिरविली तरी कित्येकदां ती सुधारते.

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं बॅटरीची अर्थची तार सोडावी. नंतर सांधे बारीक काचकागदानें चकाकेपर्यंत घासावे, घट्ट बसवावे, आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा, म्हणजे ओल शिरत नाहीं. तबकडीच्या डब्यापासून गाडीच्या अंगापर्यंत एक स्वतंत्र वायर दिली तर पुढील कित्येक पावसाळे चिंता नको. डब्याच्या आंतील पांढरा रंग पिवळा पडला असेल तर तो नव्यानें द्यावा. बल्बाचा उजेड त्यावरूनच परावर्तन पावून तबकडीवर येतो.

दोन उपाय मात्र कटाक्षानें टाळावे. पहिला, अधिक वॅटचा बल्ब घालणें. त्यानें उजेडाबरोबर उष्णता वाढते आणि तबकडीचा रंग व होल्डर करपतात. दुसरा, फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यावर सिगारेटच्या पाकिटांतील चांदीचा कागद गुंडाळणें. फ्यूज हा घरचा राखणदार आहे. त्याचें तोंड बांधलें तर पुढें जळते ती वायर, आणि वायरीबरोबर गाडी.

आतां राहिले लाल दिवे. तेलाचा दिवा विझलेला असला कीं चालक निश्चिंत होतो. परंतु विझलेल्या दिव्याचे अर्थ दोन: सारें ठीक आहे, अथवा दिवाच मेला आहे. म्हणून किल्ली फिरविल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वीं, लाल दिवे लागतात काय हें रोज पाहावें. त्या क्षणीं लागणें हीच त्यांची जिवंतपणाची खूण. बॅटरीचा लाल दिवा तर केवळ निरोप्या नव्हे. ज्या गाड्यांत डायनॅमोच्या जागीं अल्टर्नेटर आहे, त्यांपैकीं पुष्कळांत याच बल्बांतून जाणारा अल्पसा प्रवाह अल्टर्नेटरला जागा करतो. बल्ब उडाला तर बॅटरी भरणेंच खोळंबूं शकतें. त्या जागीं आजकालचा एलईडी दिवा बसविला तर प्रवाह फारच थोडा जातो आणि तोच घोटाळा उद्भवूं शकतो. यास्तव तेथें मूळ वॅटचा बल्बच असूं द्यावा.

या साऱ्या कामाला लागतें काय? हातभर काचकागद, कांहीं वायर, चार छोटे बल्ब आणि एका रविवारची सकाळ. मृग लागण्यापूर्वीं एवढें केलें, तर आषाढांतल्या काळोख्या रात्रीं घाट चढणाऱ्या चालकाला तेलाचा दाब अंदाजानें ओळखावा लागणार नाहीं.