शब्द कळला, हे कशावरून?



“त्याला सगळं कळतं हो, फक्त बोलत नाही.” स्पीच थेरपिस्टकडे आलेले आईवडील हे हमखास म्हणतात, आणि बरेचदा ते खरंही असतं. पण आजी “चल, जेवायला बस” म्हणते तेव्हा ताटं मांडलेली असतात, भाताचा वास सुटलेला असतो, दादा आधीच पाटावर बसलेला असतो. मूल येऊन बसतं ते शब्द कळला म्हणून, की ताट दिसलं म्हणून? हे सगळे आधार काढून घेतले तर नुसता शब्द कळतो का, हे पाहायला चाचणी लागते.

या कामासाठी जगभर गाजलेली चाचणी म्हणजे ‘पीबॉडी पिक्चर व्होकॅब्युलरी टेस्ट’. अमेरिकेत नॅशव्हिलच्या जॉर्ज पीबॉडी कॉलेजात लॉइड डन यांनी ती तयार केली आणि १९५९ साली ती प्रसिद्ध झाली. पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्यांच्या पत्नी लिओटा डन सहलेखिका होत्या.

पद्धत साधी आहे. मुलापुढे एक पान उघडायचं, पानावर चार चित्रं. परीक्षक एक शब्द उच्चारतो, मूल त्या शब्दाचं चित्र बोटाने दाखवतं. तोंडाने काही बोलावं लागत नाही, हा या चाचणीचा मोठा गुण. सेरेब्रल पाल्सीमुळे जीभ वळत नसलेलं मूल, पक्षाघातानंतर वाचा गेलेले आजोबा, यांच्यापर्यंत त्यामुळे पोहोचता येतं. परीक्षकाने मात्र नजरही त्या चित्राकडे वळवायची नाही. मुलं आपले डोळे फार लवकर वाचतात, आणि चारांतलं एक चित्र नुसत्या अंदाजानेही बरोबर येऊ शकतं.

२००७ च्या चौथ्या आवृत्तीत २२८ शब्द होते, बारा-बारांच्या गटांत, सोप्याकडून अवघडाकडे लावलेले. एका गटात आठ किंवा त्याहून जास्त चुका झाल्या की थांबायचं. मिळालेले गुण त्याच वयाच्या इतरांशी ताडले जातात. सरासरी १०० धरलेली असते. ८५ आले, तर त्या वयाच्या शंभरातले साधारण ८४ जण पुढे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. ते शंभरपैकी मिळालेले मार्क नव्हेत.

आता खरा प्रश्न: इतर म्हणजे कोण? १९५९ साली हे ‘इतर’ म्हणजे नॅशव्हिल परिसरातली गोरी मुलं होती. त्यांच्याशी तुलना करून कोणत्याही मुलाचा बुद्ध्यांक काढला जाई. हा अन्याय होता, असं मी स्पष्ट म्हणते. १९८१ च्या आवृत्तीत देशभरातली मुलं घेतली गेली आणि ‘बुद्ध्यांक’ हा शब्द वगळला गेला. ऐकलेले सुटे शब्द किती कळतात, एवढंच ही चाचणी सांगते. वाक्य कळतं का, गोष्ट कळते का, हेसुद्धा तिच्यात येत नाही. मग बुद्धी कुठून येणार?

म्हणूनच अशा चाचणीचं नुसतं भाषांतर करून भागत नाही. शब्दांची चढण इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवरून ठरलेली असते. मराठीत आणताच तिथला अवघड शब्द इथे सोपा होतो, सोपा अवघड, आणि ‘आठ चुकांवर थांबा’ हा नियमच कोलमडतो. कोकण, खानदेश, मराठवाडा, विदर्भ इथल्या मुलांच्या बोलण्यातून शब्द निवडायचे, चित्रं इथली काढायची आणि गुणांची मानकंही इथेच बसवायची, हाच रस्ता. मेळघाटात घरी कोरकू आणि शाळेत मराठी ऐकणाऱ्या मुलाचे काही शब्द एका भाषेत असतात, काही दुसरीत. एकाच भाषेत मोजलं तर त्याची निम्मी पुंजी हिशोबाबाहेर राहते. आपल्या विद्यापीठांच्या मराठी, मानसशास्त्र आणि वाचा-श्रवण विभागांनी हे काम एकत्र बसून करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि आईवडिलांनो, चाचणीआधी मुलाचे कान तपासून घ्या. ज्याला ऐकूच कमी येतं, त्याचे गुण कमीच येणार. रिपोर्ट हाती आला की विचारा: हा आकडा कोणत्या मुलांशी ताडून काढला? त्याचं नीट उत्तर मिळेपर्यंत तेवढ्या आकड्यावरून मुलाची शाळा बदलू नका.