पिशवी कोणती?

पगाराची चिठ्ठी वाचून घ्यावी, असे आम्ही कामगारांना सांगत आलो. सी.टी. स्कॅनचा अहवालही तसाच समजून घ्यावा, हे आज सांगावयाचे आहे.

स्वादुपिंडात 'पाण्याची पिशवी' आहे, एवढ्याने निदान पुरे होत नाही. मधाच्या पोळ्यासारख्या बारीक कप्प्यांची, मधोमध वण असलेली गाठ बहुधा निरुपद्रवी असते. दुसरी बहुतेक स्त्रियांतच, ग्रंथीच्या मध्यावर वा शेपटाकडे आढळते. कप्पे मोठे, द्रव चिकट. ती पुढे कर्करोगाकडे वळू शकते. या दोहोंतला भेद 1978 साली कोंपाग्नो व ओर्टेल या विकृतिशास्त्रज्ञांनी स्पष्ट केला. तिसरी नलिकेशी जोडलेली असते. मुख्य नलिका 10 मिलिमीटर वा अधिक रुंदावली, अथवा शिरेतून दिलेल्या औषधाने उजळणारी गुठळी पिशवीत दिसली, तर धोका मोठा समजावा.

स्वादुपिंडाच्या दाहानंतर साचणारी पिशवी निराळीच. असा दाह कधी झालाच नसेल, तर 'दाहाची पिशवी' हे उत्तर मुकाट्याने घेऊ नये. निरुपद्रवी गाठ उगाच कापणे आणि धोक्याची तशीच सोडणे, दोन्ही महाग पडतात. म्हणून डॉक्टरांना नम्रपणे, पण जरूर विचारावे: पिशवी कोणत्या जातीची? नलिका केवढी? आत गुठळी आहे काय?