तीन कुलुपांची पेटी

जोडधंदा करायचा म्हटलं की पहिली अडचण भांडवलाची. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशातल्या बायांनी ती कशी दूर केली, ते आज सांगतो.

नायजरचा दक्षिण भाग कोरडवाहू. पाऊस जून ते सप्टेंबर. पिकं बाजरी, चवळी, भुईमूग. सुगीला बाजरी स्वस्तात विकायची आणि कणगी रिकामी झाली की तीच महाग घ्यायची, ही तिथली रडकथा. बँक लांब, तारणाला काही नाही. १९९१ साली मराडी भागात 'केअर' या संस्थेने बायांचे बचतगट उभे केले. संस्थेने भांडवल दिलं नाही, फक्त पद्धत शिकवली. ती अशी :

१) वीस-पंचवीस ओळखीच्या बायांनी गट करावा. दर आठवड्याला ठरलेली रक्कम सर्वांसमोर जमा करावी.

२) त्यातूनच सभासदांना कर्ज द्यावं. व्याज गटाने ठरवावं.

३) वर्षअखेर बचत आणि व्याज वाटून घ्यावं, मग नव्याने सुरुवात करावी.

बऱ्याच जणींना लिहिता येत नव्हतं. म्हणून शिल्लक मोठ्यानं सांगायची नि सगळ्यांनी ध्यानात ठेवायची. पुढे ही पद्धत इतर देशांत गेली तेव्हा पेटीला तीन कुलुपं आली. किल्ल्या तिघींकडे, पेटी चौथीकडे. एकटीला हात घालता येत नाही.

आपल्या पैशात हिशेब पाहा. वीस बायांनी आठवड्याला १० रुपये टाकले, तर पन्नास आठवड्यांत १०,००० रुपये होतात. व्याज सावकाराच्या घरी न जाता पेटीतच पडतं.

कर्ज घेऊन कुणी भुईमुगाचं तेल काढते आणि पेंडीची 'कुलीकुली' तळून विकते. कुणी बकरीदसाठी मेंढा पोसते. कुणी सुगीत धान्य भरून ठेवते, म्हणजे टंचाईत दुप्पट दाम मोजायला नको.

मात्र या पैशानं सगळंच भागत नाही. विहीर, मोठं यंत्र यांना पेटी पुरत नाही. पाऊस हुकला तर गावातल्या सगळ्यांचेच हप्ते एकदम थकतात. म्हणून कर्ज झेपेल एवढंच घ्यावं.

आपल्याकडेही बचतगट आहेत, त्यांना बँकेची जोड आहे. पण तुमच्या गटाची शिल्लक आज किती, हे प्रत्येकीला तोंडपाठ आहे का? पुढच्या बैठकीत विचारून पाहा.