दिल्लीचा खंदक आणि देवगिरीचे मीठ

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘अल्लाउद्दीन खिलजी नसता, तर मंगोलांनी हिंदुस्थानची राखरांगोळी केली असती,’ हे विधान अलीकडे पुनःपुन्हा कानी येते. ते ऐकताना आपल्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठी पडते, आणि ते स्वाभाविकही आहे. ज्याने देवगिरी लुटली, चितोड फोडले, त्याला आपला त्राता म्हणायचे कसे? परंतु इतिहासाचा विद्यार्थी आठीवर थांबत नाही. प्रारंभीच स्पष्ट सांगतो, मंगोलांना त्याने रोखले, हे निर्विवाद सत्य आहे. त्याचे श्रेय नाकारल्याने आपली उंची वाढणार नाही. माझा आजचा विषय त्यापुढचा आहे. त्याने हे साधले कसे, कोणाच्या जिवावर साधले, आणि त्याच काळात आपली देवगिरी काय करीत होती?

मंगोलांचे संकट किती भीषण होते, याची कल्पना प्रथम करा. १२२१ साली चंगीझखान ख्वारिज्मच्या जलालुद्दीनाचा पाठलाग करीत सिंधूपर्यंत येऊन गेला होता. १२४१ साली लाहोर उद्ध्वस्त झाले. १२५८ साली बगदादची खिलाफत मंगोलांनी संपविली. अशा शत्रूची मध्य आशियातील चगताई शाखा अल्लाउद्दीनच्या कारकिर्दीत जवळजवळ एक वर्षाआड हिंदुस्थानावर चालून येत होती. १२९८ मध्ये जालंधरजवळ आणि त्यानंतर सिंधमधील सेहवान येथे तिचा पराभव झाला. १२९९ मध्ये मात्र कुतलुघ ख्वाजा वाटेतील गावे न लुटता थेट दिल्लीवर आला. भोवतालच्या मुलखातील माणसे जीव मुठीत धरून शहरात शिरली. मशिदी, बाजार, गल्ल्या, कोठेही पाय ठेवायला जागा उरली नाही.

दिल्लीचा कोतवाल अलाउल्मुल्क याने सुलतानाला सल्ला दिला, की लढाई टाळावी, वाटाघाटीत वेळ काढावा. सुलतानाने तो मानला नाही. घरात दडून बसलो तर प्रजेला तोंड कसे दाखवू, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. हा प्रसंग झियाउद्दीन बरनी सांगतो, आणि कोतवाल त्याचा सख्खा चुलता होता, तेव्हा घरातलीच हकीकत म्हणायची. कीलीच्या मैदानावर सेनापती जफरखान मंगोलांचा पाठलाग करीत फार पुढे गेला, वेढला गेला आणि लढता लढता पडला. त्याच्या मदतीला कोणी गेले नाही. इतका लोकप्रिय सरदार परस्पर नाहीसा झाल्याचे सुलतानाला फारसे दुःखही झाले नाही, असे बरनी सूचित करतो. दिल्लीचे तख्त असे होते!

आता १२९९ बाजूला ठेवा आणि १३०३ पाहा, कारण खरा धडा तेथे आहे. चितोडचा वेढा आठ महिने चालला. सैन्य थकले, घोडी मेली. दुसरी फौज वरंगळवर गेली होती, ती पावसात हालअपेष्टा सोसून रिकाम्या हाताने परतत होती. नेमक्या त्याच वेळी तारघी नावाचा मंगोल सेनानी यमुनेच्या काठी येऊन बसला. नदीचे उतार त्याने अडविल्यामुळे बाहेरची कुमक दिल्लीत येऊ शकेना. चितोड जिंकून नुकताच परतलेला सुलतान आपल्याच राजधानीत कोंडला गेला! सीरीच्या माळावर त्याने खंदक खणला, लाकडी कठडे उभारले, हत्ती आडवे घातले आणि तो दोन महिने नुसता तग धरून राहिला. मंगोलांनी शहराच्या परिसरातील धान्याची कोठारे लुटली आणि अखेर ते आपणहून निघून गेले. यात विजय कसला? हे निव्वळ बचावणे होते.

परंतु बचावलेल्या माणसाने पुढे काय केले, ते पाहा. सीरीला त्याने पक्का कोट बांधला. दिपालपूर, सामाना, मुलतान या वायव्येच्या ठाण्यांची डागडुजी केली, तेथे कसलेले सरदार ठेवले. रोख पगाराची खडी फौज उभारली. एकच घोडे दोनदा दाखवून पगार उकळला जाऊ नये म्हणून घोड्यांना डाग देण्याची आणि स्वाराचे वर्णन लिहून ठेवण्याची पद्धत काटेकोर केली. स्वाराचा वार्षिक पगार २३४ टंके ठरला. एवढ्या पगारात त्याचे पोट भरावे म्हणून बाजारभाव बांधून दिले. गहू मणाला साडेसात जितल, तांदूळ पाच. मापात मारणाऱ्या व्यापाऱ्याच्या अंगाचे तेवढे मांस कापून घेत!

ह्या साऱ्याचा खर्च कोणी सोसला? जमीन मोजून उत्पन्नाचा निम्मा हिस्सा सारा म्हणून वसूल होऊ लागला, वर घरपट्टी आणि चराई. खूत, मुकादम, चौधरी (यांतले दोन शब्द आपण आजही वापरतो) यांच्या घरात सोन्याचांदीचा मागमूस उरला नाही, असे बरनी मोठ्या समाधानाने लिहितो. दिल्लीची ती अभेद्य भिंत गंगा-यमुनेच्या दुआबातील शेतकऱ्याच्या घासातून उभी राहिली होती. ‘त्राता’ म्हणणाऱ्यांनी त्या शेतकऱ्याचेही स्मरण ठेवावे.

फळ मात्र मिळाले. डिसेंबर १३०५ मध्ये अमरोह्याजवळ अली बेग आणि तरताक यांचा पूर्ण पराभव झाला. त्या लढाईचे नेतृत्व अमीर खुस्रो ज्याला मलिक नायक म्हणतो त्याच्याकडे होते, आणि इसामी त्याला हिंदू म्हणतो. ही नोंद सहसा सांगितली जात नाही. १३०६ मध्ये रावीच्या परिसरात कबकची फौज उधळली गेली. त्यानंतर अल्लाउद्दीनच्या हयातीत दिल्लीला मंगोलांचा तसा धोका राहिला नाही. दुवाखानाचा मृत्यू आणि चगताई घराण्यातील भाऊबंदकी हीही त्याची कारणे होतीच.

आता आपल्याकडे वळू. १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या अखेरीस ज्या रामचंद्र यादवाचा गौरवाने उल्लेख आहे, त्याच्याच राज्यावर १२९६ मध्ये कडा-माणिकपूरचा सुभेदार असलेला हाच अल्लाउद्दीन काही हजार स्वारांनिशी चालून आला. विंध्य ओलांडून तो एलिचपूरपर्यंत पोहोचला, तरी राजधानीला त्याची वार्ता नाही. लासूरच्या घाटात कान्हा नावाच्या सरदाराने त्याला अडविले. त्याच्या बाजूने दोन स्त्रियाही लढल्या, असे इसामी लिहितो. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, ही मोठी खंत आहे. मुख्य सैन्य युवराज शंकरदेवासह दूर होते. रामदेवराव किल्ल्यात शिरला. घाईघाईने आत नेलेली पोती उघडली, तर धान्याऐवजी मीठ निघाले, अशी हकीकत फिरिश्ता देतो. त्यानंतर जे सोने गेले, त्याच्याच बळावर अल्लाउद्दीनने आपल्या चुलत्याचा, म्हणजे सासऱ्याचाच, खून पचविला आणि दिल्लीचे तख्त विकत घेतले. दिल्लीच्या वाटेवर तो लोकांत सोने उधळीत गेला!

दिल्ली १३०३ मध्ये गाफील सापडली आणि १३०५ मध्ये सज्ज होती. देवगिरी १२९६ मध्ये गाफील सापडली. पुढे अकरा वर्षे मिळाली. घाटांत चौक्या बसल्या का, हेरांचे जाळे विणले गेले का, वरंगळचे काकतीय आणि द्वारसमुद्राचे होयसळ यांच्याशी एकजूट झाली का? यांपैकी काहीही घडल्याची खूण पुढच्या घटनांत दिसत नाही. खंडणी थांबविली गेली, एवढेच. १३०७ च्या सुमारास मलिक काफूर आला, तेव्हा देवगिरी पुन्हा पडली. रामदेवरावाला दिल्लीस नेले. तेथे त्याचा सन्मान झाला, ‘रायरायान’ हा किताब मिळाला, आणि तो मांडलिक होऊन परतला.

१३०९ मध्ये काफूर वरंगळवर निघाला, तेव्हा देवगिरीने त्याच्या छावणीला रसद पुरविली. १३११ मध्ये तो द्वारसमुद्रावर चालला, तेव्हाही देवगिरीच्या बाजारात त्याच्या सैनिकांना हवे ते मिळेल अशी व्यवस्था रामदेवरावाने केली, आणि होयसळांच्या सीमेपर्यंतची वाट दाखवायला आपला सरदार परसदेव दळवी दिला.